जात्याची घरघर म्हणजे ‘नॉइज’?

‘हायफाय’ हा शब्द आपण केव्हाच मराठी करून टाकला. लातूरच्या औसा रोडवरचा बंगला हायफाय, नांदेडच्या वजिराबादेतलं साड्यांचं दुकान हायफाय, जावेच्या नव्या सुनेचं इंग्रजी तर फारच हायफाय. मूळ शब्द मात्र आवाजाच्या यंत्रांचा. हाय फिडेलिटी. फिडेलिटी म्हणजे इमान. गाणारीनं जसं गायलं तसंच ऐकवायचं, मूळ आवाजाशी इमान राखायचं, असा त्याचा अर्थ. आता या शब्दाची गरीब बहीणही बाजारात आली आहे, ‘लो-फाय’. म्हणजे कमी इमानाचं. घरातल्या घरात, साध्या यंत्रावर, खरखरीसकट रेकॉर्ड केलेलं गाणं.

माझी भाची लातूरला नीटच्या क्लाससाठी राहते. रात्री अभ्यासाला बसली की कानात लो-फाय लावते. मी एकदा ऐकून पाहिलं. संथ ठेका, मागे पावसाची रिपरिप, आणि जुन्या तबकडीवर सुई फिरावी तशी बारीक कुरकुर. म्हटलं, फोन खराब झालाय का गं? तर म्हणाली, “नाही मावशी, ती कुरकुर मुद्दाम घातलेली असते. त्यानं घरगुती वाटतं.” स्वच्छ गाणं करायचं आणि वरून खरखर शिंपडायची! आमच्या लहानपणी आकाशवाणीचं परभणी केंद्र लावताना जी खरखर घालवण्यासाठी आम्ही ट्रान्झिस्टर घेऊन घरभर फिरायचो, ती आता पोरी हौसेनं ऐकतात. ऐकू द्या. माझी तक्रार त्याबद्दल नाही.

तक्रार आहे ती अशी की, खरखर कुणाच्या आवाजामागं आहे हे बघून आपण तिला ‘मजा’ म्हणायचं की ‘घाण’ म्हणायचं, हे ठरवतो.

आमच्या घरचंच सांगते. मध्यंतरी पुतण्याचं लग्न झालं. कंधार तालुक्यातल्या आमच्या गावी हळद दळायला जातं पुजलं. जात्याला हात लावायचा मान सवाष्णींचा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पंधरा वर्षांपासून विधवा, म्हणून त्या भिंतीला टेकून बाजूला बसलेल्या. पण गंमत बघा, पाच सवाष्णींपैकी एकीलाही दोनच्या पुढं ओवी येत नव्हती. खुंटा फिरवायला पाच जणी, आणि गायला मात्र बाजूला बसवलेली ती एकटी. नवरदेवाच्या धाकट्या भावानं मोबाईल जात्याजवळ ठेवून सगळं टिपलं आणि संध्याकाळी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं.

मग आले अभिप्राय. एक जण म्हणे आवाज लांबून येतोय, काहीच कळत नाही. दुसरे, शास्त्रीय संगीताचे जाणकार, त्यांनी सूर उतरतोय असं कळवलं. पुण्याच्या एका वहिनींनी हात जोडलेली चित्रं पाठवली आणि लिहिलं, “किती गोड, आपली संस्कृती!” (पुरतं ऐकलं असतं तर गोड म्हणाल्या नसत्या, त्यातल्या दोन ओव्या सासुरवासावर होत्या.) माझी नणंद ऐकून रडली, पण तिनं ग्रुपवर काही लिहिलं नाही, मला फोन केला. आणि एका हौशी जावयांनी सुचवलं की, यावर मस्त बीट टाका, रील होईल.

पुतण्या कामसू. त्यानं फोनमधल्या कुठल्याशा अॅपनं ते रेकॉर्डिंग ‘साफ’ केलं. ही अॅपं एकसारखा येणारा आवाज शोधतात, त्याला नॉइज समजतात आणि पुसतात. पंखा पुसतात, गाडीचं इंजिन पुसतात. त्यानं जातं पुसलं. आत्याबाईंचा आवाज एकदम कानाशी आला, स्पष्ट, मोठा, जणू काही स्टुडिओत बसून गातायत. आणि खाली काहीच नाही. ओवी अधांतरी. मग त्या रिकाम्या जागी डीजेचा ठेका बसवला.

सगळ्यांना आवडलं. मला मात्र ते ऐकताना कसंसंच झालं, आणि का झालं ते कळायला दोन दिवस लागले.

ज्यांनी दळलंय त्यांना सांगायला नको, पण आमच्या नंतरच्या पोरींना ठाऊक नसेल म्हणून सांगते. ओवीला वेगळा तबला-पेटी लागत नाही, कारण जातं हाच तिचा ताल. समोरासमोर दोघी बसायच्या, एका खुंट्याला दोघींचे हात. एकीनं ओळ घ्यायची, दुसरीनं झेलायची. मधेच मूठभर दाणे वैरायचे, तेवढ्यात ओळ लांबते. जातं जड झालं की शब्द ओढला जातो, पीठ होत आलं की हलकं फिरतं आणि ओवीही हलकी होते. जाणकारांना जिथं सूर उतरलेला वाटला, तिथं गाणारीचा दम खर्च झालेला असतो. तो दम कापला, घरघर पुसली, तर राहतं काय? कविता राहते. कवितेला कागद पुरतो, रेकॉर्डिंग कशाला हवं?

आणि तो लांबून येणारा आवाज! तो लांबून येत होता कारण बाई लांबच बसवली होती. त्या रेकॉर्डिंगमध्ये आमच्या घरची रीत जशीच्या तशी उतरली होती, जातं जवळ आणि विधवेचा आवाज भिंतीपाशी. अॅपनं तिला जवळ आणलं, जी गोष्ट आम्ही घरच्यांनी केली नव्हती. आता मला सांगा, इमान कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये जास्त? हायफायमध्ये की लो-फायमध्ये?

हे फक्त माझ्या घरापुरतं असतं तर कॉलमची जागा खर्च केली नसती. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या असतील त्यांना मी काय म्हणते ते कळेल. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी 1980 च्या दशकापासून गावोगाव फिरून बायकांच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. 1990 च्या दशकात संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं त्यातल्या कितीतरी प्रत्यक्ष आवाजात टिपल्या गेल्या. प्वातवां 2004 मध्ये गेले, राईरकरबाई 2010 मध्ये. 2017 पासून ‘पारी’ या संस्थेनं, म्हणजे पी. साईनाथांच्या ग्रामीण भारताच्या संग्रहानं, हा ठेवा लोकांपुढं आणायला सुरुवात केली. गंगूबाई त्यात सीतेच्या वनवासाचं गातात. त्या आवाजाला ‘गोड’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो खडबडीत आहे, आणि ऐकताना पाठीवरून काटा सरकतो. मी तो माझ्या दोन-तीन मैत्रिणींना ऐकवला. एकीनं अर्ध्या मिनिटात विचारलं, “याचं चांगलं व्हर्जन नाही का?”

चांगलं म्हणजे कसं? कुणीतरी गोड गळ्याची, इस्त्रीच्या नऊवारीत, बासरी-संतूरच्या साथीवर?

बरं, खरखर आपल्याला चालतच नाही असंही नाही. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी 1977 मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. जगभरातलं निवडक संगीत त्यात, आणि भारतातून ही एकच रचना. तीन-साडेतीन मिनिटांची जुनी ध्वनिमुद्रिका. व्हॉयेजर-1 तर 2012 मध्ये ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलंही. या मुद्रिका ऐकताना आपण मागची खरखर मोठेपणानं पोटात घालतो, उलट ‘काय जुना काळ’ म्हणून मान डोलावतो. तो केसरबाईंचा अधिकारच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण तीच उदारता कंधारच्या म्हातारीला द्यायची वेळ आली की आपल्याला अॅप आठवतं.

हा लो-फायचा नाद परदेशात कुठून आला ते भाचीनंच मला समजावलं, मग मीही शोधत गेले. तिकडं रॉक संगीतात एक मोठी मंडळी अशी आहे की ज्यांनी मुद्दाम तळघरात, गॅरेजमध्ये, साध्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर गाणी केली. अमेरिकेतल्या डेटन गावचे रॉबर्ट पोलार्ड हे चक्क शाळामास्तर. त्यांच्या ‘गायडेड बाय व्हॉइसेस’ या बँडचा ‘बी थाउजंड’ हा 1994 चा अल्बम. छत्तीस-सदतीस मिनिटांत वीस गाणी! काही तर सुरू झाली म्हणेपर्यंत संपतात. पहिल्याच गाण्यात मध्येच गिटार गायब होते आणि परत येते. कुणी दुरुस्त केलं नाही, तसंच ठेवलं. ऐकणाऱ्यांत कायम दोन तट. एक म्हणतात हे काय अर्धंकच्चं वाढलंय, दुसरे म्हणतात याच्यासारखं दुसरं नाही. मी दोनदा ऐकलं. पहिल्यांदा डोकं दुखलं. दुसऱ्यांदा तीन गाणी आवडली, आणि ती का आवडली ते अजून सांगता येत नाही.

पण या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट आहे, तीन बहिणींची. ती मात्र डोक्यातून जाईना.

अमेरिकेतलंच न्यू हॅम्पशायर राज्य, फ्रीमाँट नावाचं छोटं गाव. ऑस्टिन विगिन नावाचा गृहस्थ. त्याच्या आईनं त्याचा हात पाहून भविष्य सांगितलं होतं की, तुझ्या मुली नावाजलेला बँड काढतील. आधीची दोन भाकितं खरी ठरली, म्हणून यानं तिसरं खरं करायचा चंग बांधला. (हात बघणारी आजी आणि हट्टी बाप, लातूर-नांदेडला वेगळं काय असतं?) डॉट, बेटी, हेलन या पोरींना शाळेतून काढलं, गिटारी आणि ड्रम आणून दिले, रोज सराव. शनिवारी गावच्या सभागृहात कार्यक्रम. गावची पोरं टिंगल करायची, डबे फेकून मारायची. 1969 च्या मार्चमध्ये बापानं त्यांना स्टुडिओत नेलं. पोरींची अजून तयारी नाही हे तिथल्या लोकांनाही कळत होतं. बापानं ऐकलं नाही. ‘द शॅग्ज’ या नावानं ‘फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड’ हा अल्बम निघाला. हजार प्रती काढायच्या ठरल्या होत्या, हाती शंभरच आल्या असं सांगतात.

तो ऐका. गिटार एका वाटेनं, ड्रम दुसऱ्या वाटेनं, आणि पोरी आपल्या तिसऱ्याच वाटेनं, अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाव्या तशा गात चाललेल्या. हरवलेल्या पाळीव प्राण्यावर गाणं, आईबापांवर गाणं. 1975 मध्ये बाप गेला आणि बहिणींनी तिथल्या तिथं बँड बंद केला. पाच वर्षांनी, 1980 मध्ये, दुसऱ्याच लोकांनी तो अल्बम पुन्हा काढला आणि मग अभिप्रायांचा पाऊस पडला. कुणी म्हणे आजवरचा सर्वांत वाईट अल्बम. कुणी म्हणे इतकं निर्मळ कधी ऐकलं नाही. ‘निर्वाणा’ या गाजलेल्या बँडच्या कर्ट कोबेननं आपल्या सर्वांत आवडत्या अल्बमांच्या यादीत तो वरच्या क्रमांकात ठेवला.

मोठ्या माणसांनी वाखाणलं म्हणजे पोरींचं सोनं झालं, असं लिहिणारे खूप आहेत. मला तसं वाटत नाही. नावं ठेवणारे आणि डोक्यावर घेणारे, दोघांनीही त्या मुलींना विचारलं नव्हतं. ‘काय विचित्र, काय मजेशीर’ म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यात थोडी टिंगलच मिसळलेली असते, फक्त ती शिकलेली टिंगल असते. बापानं शाळा सोडवलेल्या पोरी होत्या त्या. डॉटनं पुढं लोकांच्या घरी साफसफाईची कामं केली. मला त्यांच्या गोष्टीतलं आवडतं ते वेगळंच. 2013 मध्ये, पासष्टीच्या घरात, डॉट विगिननं स्वतःच्या मनानं स्वतःचा बँड घेऊन नवा अल्बम काढला. आता हात बघणारी आजी नव्हती, बाप नव्हता. ती कशी गायली यावर कुणी काहीही म्हणो, गायचं तिनं ठरवलं होतं.

म्हणूनच छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांच्याबद्दल लोक बोलतात तेव्हा मी कान टवकारते. एकतारी घेऊन दारोदार, वस्तीवस्तीत बाबासाहेबांची गाणी गाणारी बाई. कुणीतरी मोबाईलवर टिपलं आणि ती घराघरांत पोचली. त्या पहिल्या व्हिडिओंत ना माईक, ना साथ. लोकांचं बोलणं काय? “गरीब बिचारी, पण काय गाते!” हा ‘पण’ मला खटकतो. कडूबाईंचा आवाज गरिबीला न जुमानता चांगला आहे असं नाही. उघड्यावर, माईकशिवाय, शेवटच्या माणसापर्यंत पोचायला जो गळा लागतो तो त्यांनी गाऊन गाऊन कमावला आहे. ती त्यांची रोजीरोटी होती आणि तो त्यांचा रियाज होता. पुढं त्या वाद्यवृंदासह स्टेजवरही गायल्या. काही रसिक हळहळले, “आता ती मजा नाही.” का? त्यांनी आयुष्यभर आपल्या लो-फाय हौसेसाठी एकतारीवरच गावं काय? ज्या बाईला माईक हवा तिला माईक मिळावा. जिला नको तिच्यावर बीट लादू नये. दोन्हीकडं ठरवायचं तिनं.

याच न्यायानं आमच्या आत्याबाईंना मी ते डीजेवालं रेकॉर्डिंग ऐकवलं. वाटलं होतं चिडतील. त्या दोन मिनिटं ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “जातं कुठं गेलं माय?” बस, एवढंच. मग मूळचं लावलं. ते पूर्ण ऐकलं, आणि म्हणाल्या, “ती तिसरी ओवी काढून टाक. वन्सं अजून जित्या हायेत.” पन्नास वर्षांपूर्वीच्या नणंदेवरची ओवी होती ती! ग्रुपवर चाळीस जणांनी ऐकली होती, एकालाही कळलं नव्हतं. आम्ही ती काढली. जातं परत आणलं.

खानदेशच्या बहिणाबाई चौधरी 1951 मध्ये गेल्या. त्यांचं गाणं मुलानं आणि आप्तांनी कागदावर उतरवून ठेवलं म्हणून आपल्याला मिळालं, आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं 1952 मध्ये पुस्तक झालं. शब्द आहेत, आवाज नाही. किती खरखरीचा का असेना, दोन मिनिटांचा आवाज असता तर आपण काय दिलं असतं! आणि आपल्या खिशात आज रेकॉर्डर आहे, घरात ओव्या येणारी शेवटची बाई आहे, आणि आपण ‘कूकर झाल्यावर करू’ म्हणतोय.

तर ज्यांच्या घरी अशी बाई असेल त्यांच्यासाठी दोन-चार घरगुती सूचना. आधी तिला विचारा, आणि कुणाला ऐकवणार तेही सांगा. फोन जात्यावर ठेवू नका, घरघरीत सगळं बुडतं. गाणारीच्या बाजूला, जात्यापासून दोन हात लांब उशीवर ठेवा. जातं नसेल तर तिला सूप द्या, निवडायला तांदूळ द्या, हात रिकामे असले की ओवी आठवत नाही. सुरुवातीला तिचं नाव, गाव, माहेर तिच्याच तोंडून येऊ द्या आणि तारीख म्हणा. मूळ फाईल एकीकडं जपून ठेवा, मग अॅप, बीट, काय खेळायचं ते दुसऱ्या प्रतीवर खेळा. विधवा असेल तर भिंतीपाशी बसवू नका. आणि मध्येच कूकरची शिट्टी झाली तर होऊ द्या, घरात एवढी माणसं आहेत, कुणीतरी उठून गॅस बंद करील.